ग्रिझेल सोसेल

ग्लेनडार्ग, पाद्रीसाहेबांचे घर
२० जुलै १८६८

फीमे,

माझी पत्रं तू गिरणीतल्या बायकांना वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे. हे दाखवू नकोस.

शनिवारी उपदेश संपल्यावर दरवेळेसारखे बिल्ले वाटले. रविवारी प्रभुभोजनाला मेजापाशी बसायचं तर तो शिशाचा तुकडा हातात पाहिजे, नाहीतर मागच्या बाकावर बसून इतरांची तोंडं बघा. दोन्ही बाजूंना चर्चचे पंच उभे, मध्ये पाद्रीसाहेब. माझ्यापुढे लोहाराची बायको होती. तिच्या हातावर बिल्ला पडला. मग मी हात पुढे केला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मूठ मिटली आणि माझ्या खांद्यावरून आईला म्हणाले, "पुढे या."

माझा हात तसाच पुढे, फीमे. तो मागे घ्यायचं मला सुचेना. आईला घ्यावं की न घ्यावं कळेना. शेवटी घेतला तिने बिल्ला. घेणारच, घेऊ नको म्हणून तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी मागे बसले आणि सगळं गाव मेजापाशी गेलेलं पाहिलं. तो मेंढ्या चोरणारा पीटरसुद्धा बसला होता. मग घरी येऊन मी त्याच माणसाला थंड मटण वाढलं, ज्याने माझी सगळ्यांदेखत शोभा केली. त्याने मोहरी मागितली. मी मोहरी दिली.

कारण विचारशील तर ते कुणी सांगितलं नाही. मी एकच शोधू शकले. मागच्या महिन्यात रविवारी मी चूल पेटवून एक अंडं उकडलं होतं. बाईसाहेबांचं डोकं दुखत होतं, पोटात काही ठरत नव्हतं. पवित्र दिवशी चूल पेटवणं पाप, मान्य. पण ते अंडं साहेबांच्याच बायकोच्या पोटात गेलं ना?

इतकी वर्षं मी या घराची भांडी घासली. आता गावातल्या बायका माझ्याकडे बघून बोलायचं थांबवतात. माझा संताप संताप होतोय आणि तो काढायला जागा नाही, म्हणून तुला लिहिते.

ग्रिझेल

---

डंडी
२६ जुलै

ग्रिझे,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पत्र कुणाला दाखवलं नाही. तसंही मागांच्या खडखडाटात आम्ही नुसते ओठ हलवून बोलतो, तुझी कहाणी ओठांनी सांगण्याजोगी नाही.

आता मी विचारते आणि तू चिडणार. अंड्यापायी कुणी बिल्ला नाकारत नाही. गाव काय समजणार ते मलाही ठाऊक आहे आणि तुलाही. कुणी पुरुष आहे का? असला तर सांग. मी तुझी बहीण आहे, पंच नाही. इथे माझ्या खोलीत अजून एक गादी मावते, आणि डंडीत कोण कुणाचं लेकरू हे विचारायला कुणाला सवड नसते.

आणि नसला, तर इथे मला लिहीत बसू नकोस. पाद्र्याच्या अभ्यासिकेत जा, दार लावून घे आणि विचार. तुझं तोंड फक्त स्वयंपाकघरातच चालतं का गं? लहानपणी तू शाळामास्तरला तोंडावर खोटारडा म्हणाली होतीस, ती ग्रिझेल कुठे गेली? पाद्र्याची उष्टी काढता काढता गिळलीस का तिलाही?

फीमी

---

ग्लेनडार्ग
९ ऑगस्ट

फीमे,

पुरुष नाही. तुझं ते वाक्य वाचून मी पत्र चुलीत घालणार होते. गावाने विचारलं तर समजते, तू विचारावंस? दोन आठवडे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसरं आहे कोण?

अभ्यासिकेत गेले. ते लिहीत होते. म्हटलं, "साहेब, माझा अपराध काय?" वर न बघता म्हणाले, "तुझ्या मनाला विचार." मी म्हटलं, "मनाला विचारलं. ते म्हणतं काही नाही." तेव्हा टाक खाली ठेवून म्हणाले, "मग ते मन निगरगट्ट झालं आहे. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो." आणि परत लिहायला लागले. प्रार्थना करतो म्हणे. माझी जीभ चावून चावून रक्त यायचं बाकी राहिलं.

खरं काय ते मला दुकानात कळलं. सांगितलं कुणी, तर स्टरकच्या बायकोने. तो शेतकरी स्टरक, थोरला पंच. प्रभुभोजनाच्या आधी पंचांनी पिंपातला द्राक्षारस चाखून बघायची रीत आहे ना? गुरुवारी स्टरकने घोट घेतला आणि थुंकला. निम्मं पाणी. कुणीतरी पिऊन तेवढंच पाणी भरून ठेवलेलं. पिंप आमच्याच घरात, जिन्याखालच्या कोठडीत, आणि कोठडीची किल्ली माझ्या कमरेला. झालं. प्रभूच्या मेजावरची दारू ढोसणारी बाई म्हणजे मी.

मी! जिने बापाची ती दशा पाहिली आणि जन्मात थेंब तोंडाला लावला नाही. दुसरी किल्ली साहेबांच्या मेजाच्या खणात असते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यात वाईट सांगू? काल आईकडे ओटच्या भाकऱ्या घेऊन गेले. तिने त्या घेतल्या, बाजूला ठेवल्या, आणि म्हणाली, "पाद्री उगाच मूठ मिटत नाही, पोरी. काय केलंस ते मला तरी सांग." मी तिथून उठले. पदोपदी लोकांची तोंडं सोसीन, पण आईचं ते तोंड सोसवत नाही.

बाईसाहेबांची डोकेदुखी हल्ली वाढली आहे. आठवड्यातून दोनदा तरी पडदे ओढून पडून असतात. मुलींचं सगळं मीच बघते. नेल परवा विचारत होती, "ग्रिझेल, तू वाईट आहेस का?" साडेपाच वर्षांची आहे ती. तिला हे कुणी सांगितलं?

ग्रिझेल

---

डंडी
१६ ऑगस्ट

ग्रिझे,

पुरुषाचं विचारलं त्याबद्दल माझे कान उपट. चूक झाली.

आता माझं ऐक. डोकेदुखी, डोकेदुखी, डोकेदुखी. तुझ्या प्रत्येक पत्रात ती आहे. आमच्या गल्लीतही एकीचं असंच डोकं दुखतं, पगाराच्या दिवशी जास्त. ग्रिझे, तू आंधळी नाहीस. आपण दोघी कुणाच्या घरात वाढलो? शिळ्या दारूचा वास तुला दाराबाहेरून कळतो.

ती पिते. तुला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे तेवढंच सांग.

आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांना तूच दोर वळून देते आहेस, हे मी तुझ्या तोंडावर सांगते.

फीमी

---

ग्लेनडार्ग
२० सप्टेंबर

फीमे,

दोन वर्षांपासून.

धाकटं बाळ गेलं ना, तेव्हापासून. साहेबांनी शुक्रवारी त्याला पुरलं आणि रविवारी व्यासपीठावर उभे राहून देवाच्या इच्छेवर दीड तास बोलले. गाव म्हणालं, केवढा खंबीर माणूस. बाईसाहेब पहिल्या बाकावर बसून होत्या. त्यांना घरात रडायचीही परवानगी नव्हती, कारण रडणं म्हणजे देवाशी भांडणं. त्या रात्री मी त्यांच्या उशाखाली बाटली पाहिली आणि काही बोलले नाही. पुढेही बोलले नाही. रिकाम्या बाटल्या मी ओढ्यात फोडल्या. मुलींना सांगितलं, आईचं डोकं दुखतंय. तो शब्द माझाच आहे, फीमे. आता तोच माझ्या गळ्यात अडकलाय.

पण पिंपाला हात लावतील असं वाटलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात मी त्यांना धुलाईच्या खोलीत गाठलं. चादरी घड्या करत होतो, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. म्हटलं, "बाईसाहेब, ते पाणी तुम्ही घातलंत." त्या चादर सोडून खालीच बसल्या. म्हणाल्या, "नाव घेऊ नकोस. ते मला वेड्यांच्या इस्पितळात घालतील आणि मुली काढून घेतील. ग्रिझेल, तुझ्या पाया पडते." आणि खरंच माझे पाय धरले त्यांनी. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी असं वाटलं की एक ठेवून द्यावी. दोन्ही एकदम वाटतं, तुला कळेल का ते?

मी म्हटलं, "मी नाव घेणार नाही. पण तुम्ही स्वतः साहेबांना सांगा." म्हणाल्या, सांगते. महिना झाला. सांगितलं नाही. परवा जेवताना साहेबांनी मुलींना चाकरमाणसांवर विश्वास किती ठेवावा यावर चार शब्द सुनावले, मी बटाटे वाढत असताना. बाईसाहेबांनी ताटातून डोळे वर काढले नाहीत.

तेव्हा मी ठरवलं. पंचांच्या सभेपुढे माझा न्याय करा असा अर्ज मी स्टरककडे दिला आहे. उघड विचारा, उघड उत्तर देते. आरोप न करता शिक्षा देण्याचा हक्क त्यांनाही नाही. साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. सभा नोव्हेंबरात आहे.

ग्रिझेल

---

डंडी
२७ सप्टेंबर

ग्रिझे,

अर्ज केलास, शाबास. पण तिचं नाव न घेता तू सभेत सांगणार काय? मी प्यायले नाही, आणि कोण प्यायलं ते मला ठाऊक नाही? म्हणजे खोटंही बोलणार, तेही देवाच्या नावाने?

तुला तिची दया येते. मलाही येते, मी दगड नाही. इथे बायका आपली पोरं पुरून दुसऱ्या दिवशी मागावर उभ्या असतात, त्यातल्या काही पितात. पण पिऊन शेजारणीच्या माथी मारत नाहीत. तुझी बाईसाहेब पडदे ओढून पडते आणि तू तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेस. तिच्या मुली तिच्याजवळ राहाव्यात म्हणून आपल्या आईने मान खाली घालून चर्चमध्ये जायचं? कोणत्या न्यायाने?

नाव घे. माझं म्हणणं एवढंच आहे. नाव घे आणि इकडे निघून ये.

फीमी

---

ग्लेनडार्ग
१५ नोव्हेंबर

फीमे,

एवढे दिवस लिहिलं नाही कारण तुला काय सांगायचं तेच कळत नव्हतं. सभा गुरुवारी झाली. ऐक आणि मग मला शिव्या घाल.

पंच बाकावर, मध्ये खुर्चीत साहेब. मी म्हटलं, "साहेब, दारू तुमच्या घरातली. या एका कामापुरतं दुसऱ्या कुणाला खुर्चीत बसू द्या." स्टरक खाकरला. साहेब उठले नाहीत. मला सगळा वेळ उभं ठेवलं.

स्टरकने विचारलं, "तू प्यायलीस?" म्हटलं, "नाही." "किल्ली कुणाकडे होती?" "एक माझ्याकडे. दुसरी साहेबांच्या मेजाच्या खणात."  स्टरक म्हातारा आहे पण बुद्धू नाही. त्याने मान वळवून साहेबांकडे पाहिलं. मी पण पाहिलं. फीमे, मी वाट पाहत होते. मनात म्हणत होते, आता बोल. तुझ्या घरातलं तू सांग, मला सांगायला लावू नकोस. साहेब आपल्या नखांकडे बघत बसले. मग स्टरकने परत मला विचारलं, "खणातली किल्ली कोण घेतं?" आणि मी म्हटलं, "घर ज्यांचं त्यांना विचारा."

नाव नाही घेतलं. दाराबाहेर दोघी मुली मला न्यायला आल्या होत्या, त्यांचे बूट मला फटीतून दिसत होते. तू असतीस तरी घेतलं नसतंस. किंवा घेतलं असतंस, मला माहीत नाही.

मला बाहेर काढलं आणि परत आत बोलावलं. कारकुनाने वाचलं: आरोप सिद्ध झाला नाही.

मी विचारलं, "म्हणजे मी निर्दोष?" साहेब म्हणाले, "तसं लिहिलेलं नाही. सिद्ध झालं नाही असं लिहिलं आहे." आणि मेजावरून बिल्ला माझ्याकडे सरकवला, वर म्हणाले की मी कृतज्ञ असावं. कृतज्ञ! या देशात चोराला चोर म्हणता येईना आणि सावालाही साव म्हणायचं नसलं की हे तीन शब्द काढतात. म्हणजे केलंस गं तूच, फक्त आम्हाला सापडली नाहीस. हा डाग मी माझ्या अंगावर घेऊन मेजापाशी बसायचं?

मी म्हटलं, "ज्या दिवशी निर्दोष असं लिहाल त्या दिवशी तो बिल्ला द्या," आणि निघून आले. त्याच संध्याकाळी मला नोटीस मिळाली. चाकऱ्या बदलायचे दिवस आहेतच, तेव्हा तेही सोयीचं. दाखला देणार नाही म्हणाले. दाखल्याशिवाय मला कोण स्वयंपाकघरात उभी करणार? ती गादी अजून रिकामी आहे ना?

आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "निर्दोष असतीस तर तसं लिहिलं असतं." मी तिचं सरपण भरून दिलं आणि निघाले.

ग्रिझेल

---

ग्लेनडार्ग
१२ डिसेंबर १८६८

ग्रिझेल रेनी हिस,

तू डंडी येथे बहिणीकडे राहून तागाच्या गिरणीत काम करीत असल्याचे तुझ्या आईकडून समजले. इतकी वर्षे सभ्य घरात वावरलेल्या स्त्रीला ते काम आणि ती संगत योग्य नव्हे, याची मला चिंता वाटते.

सोबत दाखला जोडला आहे. त्यात तू कष्टाळू, प्रामाणिक व मद्यापासून सर्वथा अलिप्त आहेस असे मी स्वहस्ते लिहिले आहे. याच्या आधारे डंडीतील कोणतेही प्रतिष्ठित कुटुंब तुला ठेवून घेईल. झाले गेले त्याची चर्चा तू कोणाशीही करणार नाहीस, विशेषतः माझ्या घरातील व्यक्तींविषयी, एवढी माझी अपेक्षा आहे. जखम सारखी उघडत राहिल्याने ती भरत नाही.

तुझ्या आत्म्याचे हित चिंतणारा,
गिल्बर्ट लायल

---

डंडी
१६ डिसेंबर

पाद्रीसाहेब,

दाखला वाचला. फीमीलाही वाचायला दिला. तुमचं अक्षर छान आहे.

जुलैत मी दारुडी होते. नोव्हेंबरात मी दारुडी असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. डिसेंबरात मी सर्वथा अलिप्त आहे. साहेब, पाच महिन्यांत मी काहीच केलं नाही, भाजी चिरली आणि भांडी घासली. मग तुम्हाला नवीन काय कळलं?

मी अलिप्त आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर ते डंडीतल्या कुठल्या तरी शेठजीला लिहून काय उपयोग? माझी आई ग्लेनडार्गमध्ये राहते. तिच्यासमोर सांगा, जिथे मूठ मिटलीत तिथे उभे राहून सांगा. आणि ते जमत नसेल तर असल्या चोरट्या चांगुलपणाचं मला काम नाही. दाखला परत पाठवते. त्यावर जो डाग दिसतोय तो तागाला चोपडतात त्या तेलाचा आहे. आमच्या संगतीत लागतो.

ग्रिझेल रेनी

---

पर्थ, माझ्या भावाचे घर
२ फेब्रुवारी १८६९

ग्रिझेल,

तुझा पत्ता मी तुझ्या आईकडून घेतला. माझे अक्षर वाईट आले आहे, हात थरथरतात. तेरा जानेवारीपासून मी काही घेतलेले नाही, त्यामुळे.

हिवाळ्याचे प्रभुभोजन सतराला झाले. मेजापाशी बसण्याआधी माझे यजमान मेजाला कुंपण घालतात, तुला ठाऊकच आहे. एकेक पाप नाव घेऊन सांगतात आणि त्या पाप्याने जवळ येऊ नये असे बजावतात. व्यभिचारी, चोर, खोटी शपथ घेणारा. मग ते म्हणाले, "आणि मद्यपी, जो प्रभूच्या मेजावरचेही चोरतो," आणि तू जिथे बसायचीस त्या रिकाम्या बाकाकडे त्यांनी पाहिले. सगळ्या चर्चने तिकडे पाहिले. तुझ्या आईने मान खाली घातली.

मी पहिल्या बाकावर होते, बिल्ला हातमोज्यात. मी उठले. मला वाटले होते बाहेर जाईन. पण मी मेजापाशी गेले, बिल्ला स्टरकच्या हातात दिला आणि म्हणाले, "तो द्राक्षारस मी प्यायले. पाणी मी घातले. ग्रिझेल रेनीने थेंबही घेतला नाही." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तुझी आई बाकावरून उभी राहिली, तिने शाल सारखी केली आणि सगळीकडे वळून लोकांकडे पाहिले. एकेकाने नजर खाली घातली तेव्हाच ती बसली.

त्यांनी स्तोत्राचा क्रमांक सांगितला आणि सगळे गायला लागले.

दुसऱ्या दिवशी माझी पेटी गाडीत चढवली होती. मुली त्यांच्याकडे ठेवल्या आहेत. माझ्या भावाने वकिलाला विचारले, तो म्हणतो, बापाचा हक्क. नेल मला निरोप द्यायला खिडकीत आली नाही. तिला येऊ दिले नसेल असे मी स्वतःला सांगते.

माझे आभार मानू नकोस, त्याचा मला हक्क नाही. पण एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, कारण ती नसताना मी अर्धेच खरे बोलले असे होईल. त्यांना माहीत होते, ग्रिझेल. मे महिन्यातच. त्यांनी मला जिन्याखाली पाहिले होते, पेला हातात असताना. काही बोलले नाहीत. दंडाला धरून वर नेले आणि बाहेरून कडी घातली. स्टरकने द्राक्षारस थुंकला त्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले की मी पंचांना सांगते. ते म्हणाले, "तू काही सांगायचे नाहीस. पाद्र्याच्या घराची अब्रू म्हणजे देवाची अब्रू. ग्रिझेल धडधाकट आहे. ग्रिझेल सोसेल."

आणि मी गप्प बसले, कारण ते खरे होते. तू सोसशील हे मलाही माहीत होते.

बीट्रिक्स लायल

---

डंडी
७ फेब्रुवारी

बाईसाहेब,

आभार मानत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, मला वाटतच नाहीत म्हणून. धुलाईच्या खोलीत तुम्ही माझे पाय धरले तेव्हा त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. ज्याची भीती दाखवून तुम्ही मला गप्प केलंत ते गुपित मुळात गुपितच नव्हतं. मी दोन महिने रात्री झोपले नाही ती कशासाठी? हे पत्र वाचून मी फीमीच्या एकुलत्या एक चांगल्या बशीचे तुकडे केले.

पण आईचं पत्र आलंय. शाळामास्तरकडून लिहून घेतलंय. त्यात एवढंच आहे, "भाकऱ्या कधी आणतेस?" ते तुमच्यामुळे आलं, हे मी नाकारत नाही.

आता मुलींचं. बापाचा हक्क, बापाचा हक्क. तो बाप गावासाठी देवमाणूस आहे तोवर हक्क त्याचाच राहणार. तुम्ही दारू प्यायलात हे गावाला कळलं, तुम्हीच सांगितलंत. त्याने काय केलं ते कुणी सांगितलं? स्तोत्र गाऊन झालं, पाप्याला गाडीत बसवलं, घर स्वच्छ.

पंचांच्या वर धर्मसभा आहे, तिथे पाद्र्यावरही तक्रार करता येते. फीमीच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विणकराने मला रीत सांगितली. मी तक्रार करणार आहे. पण मे महिन्यात त्या जिन्याखाली मी नव्हते. तुम्ही होता.

येणार का, एवढंच लिहा. डोकं दुखतंय असं लिहिणार असाल तर लिहूच नका.

ग्रिझेल

---

डंडी
८ मार्च १८६९

पाद्रीसाहेब,

धर्मसभेचा कागद तुम्हाला मिळाला असेल. तक्रार करणाऱ्याने समोरच्याला आधी कळवावं अशी रीत आहे म्हणतात, म्हणून हे पत्र. घाबरू नका, मला तुमच्याकडून पैसा नको, माफी नको, आणि बिल्ला तर नकोच.

तुमच्या घरी दुःख आलं, तुम्ही त्याला कडी घातली. बाळ गेलं तेव्हा बायकोच्या रडण्याला कडी घातलीत, ती प्यायला लागली तेव्हा तिला कडी घातलीत. आणि ते सगळं दाराच्या फटीतून बाहेर वाहायला लागलं तेव्हा फट बुजवायला तुम्हाला एक मोलकरीण सापडली. मला तुमच्या पापाचा राग नाही, साहेब. पापी आम्ही सगळेच. मला राग आहे तो तुम्ही माझ्याकडे नीट पाहून, तोलून, निवडून मला त्यात घातलंत याचा. माझ्या आईने सहा महिने खाली बघून चालायचं हेही तुम्ही त्या हिशेबात धरलं असणार. किंवा धरलं नसेल. ते तर जास्त वाईट.

मी सोसलं, तुम्ही म्हणालात तसं. आता तुम्ही उभे राहा आणि पंचवीस पाद्र्यांपुढे एका प्रश्नाचं उत्तर द्या: जुलैत माझ्यापुढे मूठ मिटलीत तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं? त्यांनी विचारलं नाही तर मी विचारीन. या वेळी खुर्चीत तुम्ही नसाल.

सभा मार्चच्या शेवटच्या बुधवारी आहे. मी आणि फीमी सकाळच्या गाडीने येतो, पर्थहून येणारी गाडी आम्हाला फोर्फरला मिळते. साक्षीदार म्हणून मी एकाच बाईचं नाव दिलंय. ती येतेय.

ग्रिझेल रेनी